जमशेटजी टाटा : नागपूरच्या गिरणीपासून बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेपर्यंत

उद्योगधंदा समाजाचे काही देणे लागतो काय, आणि लागत असल्यास ते किती, हा प्रश्न आशियातील विकसनशील देशांत आता थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला आहे. फिलिपिन्समधील उद्योजकांनी १९७० मध्ये एकत्र येऊन आपल्या करपूर्व नफ्याचा एक टक्का समाजविकासाच्या कामासाठी देण्याचे स्वेच्छेने मान्य केले. चीनच्या कंपनी कायद्यात २००६ पासून सामाजिक जबाबदारीचा उल्लेख आला. इंडोनेशियाने २००७ मध्ये नैसर्गिक साधनसंपत्तीशी संबंधित कंपन्यांवर ही जबाबदारी कायद्याने टाकली. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, अशी तरतूद झाली. १ एप्रिल २०१४ पासून ती अमलात आली आणि २०२१ पासून या तरतुदीचे पालन न करणाऱ्या कंपन्यांना दंडही लागू झाला.

या विषयाची चर्चा निघाली की आपल्याकडे एक नाव हटकून घेतले जाते, ते जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे. त्यांचे निधन १९०४ मध्ये झाले. तेव्हा कॉर्पोरेट सामाजिक जबाबदारी हा शब्दप्रयोग जगात कोठेही रूढ नव्हता. त्यांच्या गौरवाची भाषणे पुष्कळ झाली आहेत. मात्र या गौरवात त्यांच्या कामातील एक महत्त्वाचा भेद पुसट झाला आहे. कामगारांसाठी त्यांनी जे केले ते गिरणीच्या खर्चातून आणि गिरणीच्या कारभाराचा भाग म्हणून केले. देशासाठी जे दिले ते स्वतःच्या मालमत्तेतून दिले. या दोन खात्यांची त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही. म्हणून त्यांचे चरित्र थोडे सावकाश पाहणे योग्य ठरेल.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते. टाटांचे घराणे पारशी धर्मगुरूंचे. पिढीजात पौरोहित्य सोडून व्यापारात पडण्याचे धाडस प्रथम त्यांचे वडील नसरवानजी यांनी केले आणि ते मुंबईस आले. जमशेटजी चौदाव्या वर्षी वडिलांकडे मुंबईत दाखल झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १८५८ मध्ये ते पूर्ण करून ते वडिलांच्या पेढीत शिरले. हिराबाई दाबू यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दोराबजी आणि रतनजी हे त्यांचे दोन पुत्र पुढे वडिलांच्या अपूर्ण कामांचे वारसदार ठरले.

पेढीचा व्यापार चीनशी होता आणि त्या व्यापारासाठी १८५९ मध्ये जमशेटजी हाँगकाँगला गेले. भारतातून कापूस व अफू पाठवायची आणि तिकडून चहा, रेशीम, कापूर, तांबे असा माल आणायचा, असे त्या व्यापाराचे स्वरूप होते. मुंबईतील बहुतेक मोठ्या व्यापारी घराण्यांच्या जमाखर्चात त्या काळी अफू आढळते. टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. ती गोष्ट तेव्हा कायद्याला धरून होती. परंतु चिनी जनतेने या व्यापाराची कोणती किंमत मोजली हे आज सर्वांना ठाऊक आहे आणि चरित्रातून ते पान गाळण्याचे कारण नाही.

त्यानंतर अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ आला. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर अवलंबून राहिल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या भोवती सट्ट्याची लाट उसळली. १८६५ मध्ये युद्ध संपताच ती ओसरली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. हाती असलेल्या हुंड्यांना कवडीमोल आले. पंचविशीतल्या या तरुणाने देणेकऱ्यांना चुकविण्याऐवजी त्यांच्यापुढे जाऊन सर्व परिस्थिती उघड मांडली. परिणाम असा झाला की, धनकोंनी पेढीची देणीघेणी मिटविण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले. पुढे ब्रिटिश फौजेच्या ॲबिसिनियावरील १८६७-६८ च्या मोहिमेला रसद पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा वाटा होता. त्यातून घराण्याची बैठक पुन्हा सावरली.

१८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळी येथील एक बुडीत तेलगिरणी विकत घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली आणि अलेक्झांड्रा मिल या नावाने ती चालवून दोन वर्षांत नफ्यात विकून टाकली. येथवर त्यांच्यात आणि मुंबईच्या इतर चतुर व्यापाऱ्यांत फारसा फरक दिसत नाही. फरक पडला तो त्यानंतरच्या विलायतेच्या प्रवासापासून. या वेळी त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या बारकाईने पाहिल्या.

परत आल्यावर त्यांनी गिरणीसाठी मुंबई निवडली नाही. कापूस पिकतो तेथे, कोळसा मिळतो तेथे आणि तयार माल खपतो तेथे गिरणी असावी, असा त्यांचा हिशेब होता. तो नागपूरला जुळत होता. आजूबाजूला वऱ्हाड व वर्धा खोऱ्याचा कापूस, वरोऱ्याची कोळशाची खाण, आणि मुंबईशी जोडणारा लोहमार्ग. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जागा घेतली ती नागपूरच्या जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. हा तलाव आज गांधीसागर या नावाने ओळखला जातो. भराव टाकून जमीन कोरडी करण्याचे काम चालू असताना एका स्थानिक सावकाराने या वेडेपणात पैसे घालण्यास नकार दिला होता आणि पुढे नफ्याचे आकडे पाहून त्याला पश्चात्ताप झाला, अशी कथा जमशेटजींच्या चरित्रांत सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल ठेवण्यात आले.

आरंभीचे दिवस चांगले नव्हते. यंत्रसामग्री हलक्या प्रतीची निघाली, भागधारक कुरकुरू लागले. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी निवडलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतील अनुभवी कर्मचारी होते. सूतगिरणीची त्यांना काही माहिती नव्हती. ही निवड अचूक ठरली. जुनी यंत्रे काढून नवी बसविण्यात आली. लँकेशायरच्या पुष्कळ गिरण्या जुन्या चात्यांना चिकटून असताना एम्प्रेस मिलमध्ये नव्या पद्धतीच्या रिंग चात्यांची चाचणी झाली आणि त्या कायम करण्यात आल्या.

खरी अडचण मात्र यंत्रांची नव्हती, माणसांची होती. नागपूर व परिसरातून आलेला मजूर हा कालपरवापर्यंत शेतावर किंवा घरच्या मागावर राबणारा होता. भोंग्याच्या तालावर रोज ठरल्या वेळी हजर होणे त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते. लग्न, जत्रा, पेरणी, कापणी, कोणत्याही निमित्ताने तो गावी जाई. अनेक माग बंद राहत. अशा वेळी गिरणीमालकांचा सर्वमान्य उपाय म्हणजे दंड. जमशेटजींनी दुसरा मार्ग घेतला. नियमित हजेरीला बक्षिसे ठेवली, चांगल्या कामाचा जाहीर गौरव सुरू केला, कामगारांच्या कुटुंबीयांसह खेळांचे व समारंभांचे दिवस ठरविले. त्याच काळात कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी (१८८६), कामावरील अपघातात नुकसानभरपाई (१८९५) आणि भविष्य निर्वाह निधी (१९०१) या गोष्टी एकेक करून आल्या. गिरणीत खेळती हवा, हवेत आर्द्रता राखणारी यंत्रे, आग विझविणारी पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था बसविण्यात आली.

यातील आर्द्रतेचे यंत्र विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. विदर्भाचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत सूत पटापट तुटते. हवा दमट व थोडी थंड राहिली तर धागा टिकतो आणि माग चालविणाऱ्यालाही श्वास घेणे सुसह्य होते. हे यंत्र सुतासाठी बसविले की माणसासाठी, असा प्रश्न जमशेटजींना कोणी केला असता तर त्यांना तो बहुधा निरर्थक वाटला असता. कामगाराचे आरोग्य व निश्चिंती ही त्यांच्या दृष्टीने गिरणीच्या भरभराटीचीच अट होती. परोपकाराच्या खात्यात त्यांनी ती कधी मांडली नाही.

त्या काळाशी तुलना केल्यास या तरतुदींचे वजन कळते. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास कामावर ठेवण्याची मुभा त्यात होती. कामगारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्ये झाला, म्हणजे नागपूरच्या गिरणीनंतर २८ वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा येण्यासाठी १९५२ साल उजाडावे लागले.

तरीही एक गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे. कामगारांना मिळालेले सर्व काही मालकांच्या दूरदृष्टीतून मिळाले, असा समज करून घेणे बरोबर होणार नाही. त्याच वर्षांत मुंबईत सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवीत होते, सरकारकडे अर्ज पाठवीत होते. १८८४ पासून केलेल्या या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. नागपूरचा निधी मालकाने स्वतःहून दिला, मुंबईची सुट्टी कामगारांनी मागून घेतली. कामगारहिताच्या इतिहासात दोन्हींची नोंद सारख्याच आदराने व्हायला हवी.

नागपूरच्या यशानंतर जमशेटजींनी १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी हा शब्द घराघरांत गेला, त्याच्या जवळजवळ दोन दशके आधीची ही गोष्ट. ही गिरणी मात्र त्यांना जड गेली. यंत्रे जीर्ण होती, समभागांचा भाव कोसळला, बँकेने कर्ज नाकारले. तेव्हा एम्प्रेस मिलमधील स्वतःचे काही समभाग विकून त्यांनी पैसा उभा केला आणि नागपूरहून अनुभवी माणसे आणून गिरणी रुळावर आणली. पुढे तिचे सूत चीन व जपानच्या बाजारात नावाजले गेले.

त्या सुतामुळेच जमशेटजी १८९३ मध्ये जहाजवाहतुकीच्या लढाईत उतरले. पूर्वेकडे माल नेण्याचे भाडे पी अँड ओ ही बलाढ्य ब्रिटिश कंपनी व तिच्या जोडीदार कंपन्या ठरवीत आणि ते हिंदी व्यापाऱ्यांना परवडत नसे. जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी करार करून आले. जपानच्या बाजूने या व्यवहारात शिबुसावा एइची यांचा पुढाकार होता. शिबुसावा हे जमशेटजींपेक्षा एका वर्षाने लहान. बँका, कारखाने, शाळा आणि अनाथाश्रम यांच्या उभारणीत सारख्याच तन्मयतेने गुंतलेला हा गृहस्थ आधुनिक जपानच्या उद्योगाचा जनक मानला जातो आणि जुलै २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. आशियातील उद्योगाच्या सामाजिक जबाबदारीचा इतिहास लिहिताना ज्या दोन माणसांपासून आरंभ करावा लागेल, ती दोघे एका भाडेकराराच्या निमित्ताने एकत्र यावीत हा योगायोग मोठा वेधक आहे. टाटांची जहाजे मात्र फार काळ टिकली नाहीत. पी अँड ओने भाडे जवळजवळ नगण्य केले. सोबत येण्याचे वचन दिलेले व्यापारी स्वस्ताईला भुलून परत फिरले आणि जमशेटजींनी तोटा सोसून ही सेवा बंद केली.

याच १८९३ साली योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या जहाजावर जमशेटजींचे सहप्रवासी होते स्वामी विवेकानंद. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेले हे संन्यासी तेव्हा अप्रसिद्ध होते. या भेटीतील संभाषणाविषयी नंतर पुष्कळ लिहिले गेले. त्यातील किती खरे हे सांगणे कठीण. निश्चित आहे ते जमशेटजींचे नोव्हेंबर १८९८ चे पत्र. त्यात त्यांनी त्या प्रवासाची आठवण देऊन, विज्ञानाच्या अभ्यासाला वाहून घेणाऱ्यांसाठी आपण योजिलेल्या संस्थेच्या बाजूने लोकांना जागृत करणारे काही लिहावे, अशी विनंती स्वामीजींना केली होती.

शिक्षणाकडे ते त्याआधीच वळले होते. १८९२ मध्ये त्यांनी परदेशात उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी स्थापन केला. तो प्रथम पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. दोन वर्षांतच सर्व जातिधर्मांसाठी खुला झाला. पहिल्या लाभार्थींमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या एका महिलेचा समावेश होता, ही त्या काळी सामान्य बाब नव्हती. निधीची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. पैसे दान म्हणून दिले जात नसत, कर्ज म्हणून दिले जात. शिकून कमावता झालेल्याने ते फेडायचे आणि त्यातून पुढच्याची सोय व्हायची. घेणाऱ्याची मान ताठ राहावी आणि निधी आटू नये, ही दोन्ही उद्दिष्टे त्यात साधत होती. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे याच निधीचे विद्यार्थी.

आयुष्याच्या अखेरच्या दशकात जमशेटजींनी तीन मोठी कामे हाती घेतली आणि तिन्हींपैकी एकही त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. विज्ञानसंस्था, पोलादाचा कारखाना आणि जलविद्युत. पूर्ण झाले ते मुंबईचे ताजमहाल हॉटेल. ते डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झाले. एका युरोपीय हॉटेलात प्रवेश नाकारल्यामुळे त्यांनी ते बांधले, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. तिला भक्कम आधार मात्र सापडत नाही. आपल्या आवडत्या शहराला साजेसे हॉटेल असावे, एवढे कारण पुरेसे होते.

विज्ञानसंस्थेची कहाणी अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. जमशेटजींनी आपले सहकारी बरजोरजी पादशहा यांना परदेशातील विद्यापीठे व संशोधन संस्था पाहण्यासाठी पाठविले. त्यांच्या अहवालावरून योजना तयार झाली. मुंबईतील इमारती व जमिनी अशी ३० लाख रुपयांची मालमत्ता जमशेटजींनी देऊ केली. ही रक्कम एम्प्रेस मिलच्या मूळ भांडवलाच्या दुप्पट होते. ३१ डिसेंबर १८९८ रोजी, नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, शिष्टमंडळाने योजना त्यांच्यापुढे ठेवली. कर्झन यांनी शंका काढल्या. इतक्या उच्च शिक्षणासाठी विद्यार्थी मिळतील काय? शिकून बाहेर पडणाऱ्यांना काम कोठे मिळणार? शंका अगदीच अवाजवी होत्या असे म्हणता येत नाही, कारण अशा माणसांना काम देऊ शकतील असे उद्योग देशात जवळपास नव्हतेच. पण जमशेटजींच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवायच्या होत्या.

त्यानंतर समित्या आणि पत्रव्यवहार यांत वर्षांमागून वर्षे गेली. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी देशभर फिरून बंगळुरूची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन व आर्थिक साह्य दिले. संस्थेला स्वतःचे नाव देण्याचा आग्रह जमशेटजींनी धरला नाही. संस्था उभारण्याचा सरकारी आदेश निघाला २७ मे १९०९ रोजी आणि पहिले विद्यार्थी दाखल झाले १९११ मध्ये. भारतीय विज्ञान संस्था हे तिचे अधिकृत नाव. बंगळुरूतील सामान्य माणूस मात्र तिला पिढ्यान्पिढ्या टाटा इन्स्टिट्यूट म्हणत आला.

पोलादाचे स्वप्न विदर्भातच सुरू झाले होते. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहखनिजासंबंधी एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा जवळच होता. परंतु खाणींविषयीचे सरकारी नियम इतके जाचक होते की बेत बाजूला ठेवावा लागला. १८९९ मध्ये ते नियम शिथिल होताच साठीच्या जमशेटजींनी तो पुन्हा हाती घेतला. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला हिंदुस्थानात येण्यास राजी केले. चांद्याचा कोळसा शेवटी उपयोगाचा ठरला नाही. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी फेब्रुवारी १९०४ मध्ये पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील खनिजाकडे टाटांचे लक्ष वेधले आणि शोधाची दिशा बदलली.

याच परदेश प्रवासातून १९०२ मध्ये त्यांनी दोराबजींना एक पत्र लिहिले. कारखान्याची जागाही तेव्हा निश्चित नव्हती. तरीही कामगारांच्या वसाहतीचे रस्ते रुंद असावेत, दुतर्फा लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावीत, हिरवळीला व बागांना भरपूर जागा सोडावी, खेळाची मैदाने राखावीत आणि देवळे, मशिदी व चर्च यांसाठी स्थान ठेवावे, अशा सूचना त्यांनी त्यात केल्या. भट्टी किती मोठी हे ठरण्याआधी झाड कोणते हे ठरले होते.

१९०४ च्या मार्चमध्ये हिराबाईंचे निधन झाले. प्रकृती खालावलेले जमशेटजी तेव्हा उपचारांसाठी युरोपात होते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचा अंत झाला. लंडनजवळच्या ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

दोराबजींनी काम पुढे नेले. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळण्याची चिन्हे दिसेनात तेव्हा देशातच समभाग विक्रीस काढण्यात आले आणि सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत भांडवल पुरे केले. साकची या गावी १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लगड बाहेर पडली. त्याच वर्षी तेथे आठ तासांचा दिवस लागू झाला. साकचीचे जमशेदपूर झाले ते १९१९ मध्ये. सह्याद्रीतील पाणी अडवून खोपोलीला वीज निर्माण करणारी जलविद्युत कंपनी १९१० मध्ये निघाली आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना ती वीज मिळू लागली.

वारशाची दुसरी बाजूही आहे. जमशेदपूर जेथे उभे राहिले ती भूमी संथाळ, हो आदी आदिवासींची होती. रुंद रस्ते आणि आठ तासांचा दिवस असूनही या नगरात १९२० च्या दशकात मोठे संप झाले. १९२८ च्या संपात सुभाषचंद्र बोस यांनी कामगारांच्या वतीने मध्यस्थी केली. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच. मुंबईच्या गिरण्यांना धुराऐवजी वीज मिळाली, हवा स्वच्छ झाली. त्याची किंमत मावळातल्या गावांनी भरली. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते, पण जलविद्युतीची मूळ योजना त्यांचीच होती. उद्योगाची सामाजिक जबाबदारी कारखान्याच्या कुंपणाच्या आत मोजायची की ज्यांच्या जमिनीवर कुंपण पडले त्यांच्यापासून, हा वाद मुळशीपासून आजतागायत चालू आहे.

देणगीचे अंगही पुत्रांनी वाढविले. रतनजींच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आणि दोराबजींनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या विश्वस्त निधींकडे त्यांची मालमत्ता गेली. टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल अशा विश्वस्त निधींकडे असते, ते यामुळे. मुंबईची समाजकार्याची संस्था (१९३६), कर्करोग रुग्णालय (१९४१) आणि मूलभूत संशोधन संस्था (१९४५) या पैशातून उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये हुरुन व एडेलगिव्ह यांनी शतकातील दानशूरांची जागतिक यादी प्रसिद्ध केली, तीत १०२ अब्ज डॉलरहून अधिक आकडा लावून जमशेटजींना पहिले स्थान देण्यात आले. समभागांचा आजचा भाव लावून काढलेल्या अशा आकड्याने चरित्र कळत नाही. मुंबईतल्या इमारती देताना त्यांच्यासमोर आकडा होता ३० लाखांचा.

आजच्या कायद्याच्या कसोटीवर जमशेटजींची कामे लावून पाहिली तर निष्कर्ष विलक्षण निघतो. कलम १३५ खालील नियमांनुसार केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाची कामे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात धरता येत नाहीत. म्हणजे नागपूरचे निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई आणि भविष्य निर्वाह निधी यांपैकी एकाही रुपयाची नोंद त्या रकान्यात होणार नाही. विज्ञानसंस्थेची व विद्यार्थ्यांच्या निधीची देणगी तर कंपनीची नव्हतीच, ती व्यक्तीची होती. ज्यांना या विचाराचे भारतातील प्रवर्तक म्हटले जाते, त्यांच्या एम्प्रेस मिलच्या अहवालात हा रकाना कोराच राहिला असता. नियमात चूक काढण्याचे येथे प्रयोजन नाही. कामगाराचे देणे हे देणेच आहे, दान नव्हे, असे कायदाही म्हणतो, आणि त्यामागे आता कामगार कायद्यांचे बळ आहे. प्रश्न उरतो तो ज्यांच्यापर्यंत हे कायदे पोहोचतच नाहीत अशा कंत्राटी व असंघटित कामगारांचा. त्यांची संख्या आशियातील सर्वच विकसनशील देशांत प्रचंड आहे.

एम्प्रेस मिल मात्र आता राहिलेली नाही. कापडधंद्याच्या मंदीत १९८० च्या दशकात ती टाटांच्या हातून गेली, काही वर्षे राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालविली आणि नंतर कायमची बंद झाली. गांधीसागरजवळच्या त्या जागेवर आज एम्प्रेस या नावाचाच मॉल उभा आहे.